कवडीची वही: कोवळ्या घोड्यावर पहिली मांड घेताना

परवा मी कवडीच्या पाठीवर चार मिनिटं बसले आणि उतरले. बांधावर उभा असलेला पुतण्या म्हणाला, "काकू, झालं पण? मी अजून मोबाइल काढतोच होतो."

झालं. आठ महिन्यांची तयारी आणि चार मिनिटांची मांड. खोगीर काढलं, पाठीवरचा घाम कोरड्या बारदानाने पुसला, तिच्यापुढे ओंजळभर लसूण घास, म्हणजे हिरवा चारा, टाकला आणि घरात येऊन वहीत लिहिलं: '4 मिनिटं. दोनदा थांबली, दोन्ही वेळा नुसत्या आवाजावर.' संध्याकाळी घरात शिरा झाला. कवडीला त्यातला घासही दिला नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

माझ्या वडिलांचा पंचवटीत टांगा होता. लग्न होऊन मी नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षाच्या मळ्यात आले, पण घोडं काही सुटलं नाही. आजवर सतरा शिंगरं मांडीखाली घेतली, त्यातली दोन घरची आणि बाकी लोकांची. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती दिवसांत तयार होईल?" 2027 च्या सिंहस्थात मिरवणुकांना घोडे लागतील या हिशोबाने आत्ताच दोघं येऊन गेले. एकाचं शिंगरू अजून दोन वर्षांचंही नव्हतं. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. का पाठवलं आणि मी स्वतः कसं करते, ते एकदा सविस्तर लिहून ठेवते म्हणजे दर वेळी फोनवर घसा कोरडा करायला नको.

वय तोंडात असतं

कवडी येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातली. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, बाकी अंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं. विकणारा म्हणाला, "तीन पुरी झाली, चौथं लागलंय. उद्या खोगीर टाका." मी तिचा ओठ वर केला. पुढचे सहाही दात दुधाचे! बारीक, पांढरेशुभ्र, हिरडीपाशी निमुळते. घोड्याचे मधले दोन दात साधारण अडीच वर्षांनी पडून पक्के येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. पाच वर्षांचं झालं की तोंड भरलं. म्हणजे ही फार तर सव्वादोन वर्षांची. मी काही बोलले नाही, भाव तेवढा पाडून घेतला. कोवळी आहे याचं मला वाईट वाटण्याचं कारणच नव्हतं, वाईट होतं ते 'उद्या खोगीर'.

घोडं उंचीने लवकर मोठं दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. हाडांची वाढ खालून वर पुरी होत जाते. खुराजवळची हाडं आधी पक्की होतात, पुढच्या पायाचा गुडघा दोन-अडीच वर्षांच्या आसपास, आणि आपण जिथे बसतो तो पाठीचा कणा सगळ्यांत शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. अर्थात पाच वर्षं थांबा असं मी म्हणत नाही. शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे असतानाच पळवतात, तो त्यांचा धंदा आणि त्याची किंमतही घोडेच मोजतात. मी साडेतीनला तयारी सुरू करते आणि चारच्या आसपास बसते, तेही मिनिटं मोजून.

वजनाचाही हिशोब करा. काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, टोकापर्यंतची लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग करून लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं, वजन किलोत येतं. कवडीचा घेर 165 आणि लांबी 152. हिशोब आला 348 किलो. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे इथे 69 किलो. मी 54 आणि खोगीर 8, एकूण 62. बसलं गणित. आमच्या ह्यांचं वजन 81, म्हणून कवडीच्या बाबतीत त्यांचं काम तोंड धरून उभं राहण्याचं. पहिल्या दिवशी ते रुसले होते.

आधी आवाज

वडील घोडं आधी आवाजाला लावायचे, मग दोरीला. मांडीचा प्रश्न त्यांना नव्हता, ते मागे टांग्यात बसायचे. मी त्यांच्या दोन पायऱ्यांना तिसरी जोडली, एवढंच.

आवाजाची सुरुवात खरारा करताना, म्हणजे अंग घासताना होते. सकाळी सहा वाजता, घोडी मोकळी असताना, मोहरकी, म्हणजे तोंडावरचा दोरीचा पट्टा, घालून दोर हातात धरायचा आणि बोलत बोलत खरारा करायचा. डाव्या बाजूने जे कराल ते उजव्या बाजूनेही पुन्हा करा. एका डोळ्याने पाहिलेली वस्तू दुसऱ्या डोळ्याला नवी वाटल्यासारखं घोडं वागतं, त्यामुळे डावीकडची घोंगडी ओळखीची आणि उजवीकडची तीच घोंगडी वाघ, असं होतं. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, मात्र कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून खांद्याकडून जायचं, आणि मागून जावं लागलंच तर पुठ्ठ्यावर हात ठेवून बोलत जायचं.

मी तीनच शब्द वापरते. 'चल', 'हळू' आणि लांबवलेला 'होऽऽ'. घरातल्या प्रत्येकाने तेच तीन शब्द त्याच सुरात म्हणायचे. आमच्याकडे एक गडी होता, तो थांबवायलाही 'चल चल, थांब' म्हणायचा. बिचारं शिंगरू पुढे जाऊ की थांबू या विचारात तिथल्या तिथे नाचायचं आणि तो म्हणायचा, घोडं डोकेबाज आहे.

थांबायला असं शिकवते: मी चालता चालता 'होऽऽ' म्हणते आणि स्वतः थांबते. कवडी पुढे गेली तर दोर आपोआप ताणला जातो. ती थांबली त्या क्षणी, अगदी त्याच क्षणी, मी दोर सैल सोडते. घोडं दाबाने शिकत नाही, दाब सुटतो तेव्हा शिकतं. त्याने नेमकं काय केलं आणि दाब सुटला, ते त्याच्या डोक्यात बसतं. लोक ओढतात जोरात आणि सोडतात आठवण आली की. मग घोड्याने जे शिकायचं ते शिकलेलं असतं, फक्त ते आपल्याला हवं होतं ते नसतं.

पाय उचलायला याच महिन्यांत शिकवा. रोज चारही खूर उचलायचे, खुरकोरणीने कोरायचे, हळूच खाली ठेवायचे, आपटायचे नाहीत. नालबंद आला की घोडी त्याच्या हातात शहाण्यासारखा पाय देते, मग तोही घाई करत नाही. डांबरी रस्त्यावर काम सुरू होईपर्यंत मी नाल ठोकत नाही, खूर फक्त सहा-सात आठवड्यांनी छाटून घेते. धनुर्वाताची लस मात्र चुकवायची नाही. मळ्यात तारा, खिळे, अँगल काय कमी असतात?

मग दोरी

हा भाग बहुतेक लोक गाळतात आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आधी एकाच लांब दोरीवर गोल फिरवणं. गोलाचा व्यास पंधरा मीटरपेक्षा कमी नको, लहान गोलात कोवळ्या सांध्यांवर ताण येतो. दोन्ही हातांकडे सारखं फिरवायचं आणि सगळं मिळून पंधरा मिनिटांत आवरायचं. घोडं दमवून गरीब करायचं, मग बसायचं, ही जुनी पद्धत मला पटत नाही. दमून गरीब झालेलं घोडं विश्रांतीनंतर पुन्हा तेच असतं, वर त्याचा दम वाढलेला असतो.

कवडीला हे जमायला तीन आठवडे लागले. मग दोन लांब दोऱ्या. पाठीवर पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून दोऱ्या ओवायच्या, पुढे मोहरकीला अडकवायच्या आणि मागून चालत हाकायचं. टांग्याशिवाय टांगा हाकण्यासारखं. पहिल्या दिवशी थेट मागे जाऊ नका. बाजूला, खांद्याच्या रेषेत राहा, मग रोज थोडं थोडं मागे सरका, आणि शेवटी मागे गेलात तरी लाथेच्या टप्प्याच्या बाहेर. हातमोजे घाला. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. मी ती घडी घालून तळहातावर धरते, म्हणजे घोडी सुटली तर दोरी जाते, बोटं राहतात.

बसण्याआधीच घोडीला डावीकडे, उजवीकडे, थांब, चल हे सगळं इथे कळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जगात आपण एकटंच पुढे चालायचं आणि हुकूम मागून येणार, याची सवय होते. कळपातल्या जनावराला ही फार अवघड गोष्ट आहे. स्वार वर बसला की घोड्याच्या डोळ्यांपुढे कोणीच नसतं, आणि ज्याला कोणी हे आधी दाखवलेलं नाही ते शिंगरू तिथेच अडतं किंवा उधळतं.

दोरीवरच कवडीला ब्लोअरची ओळख करून दिली. द्राक्षपट्ट्यात घोडं ठेवायचं तर फवारणीचा ब्लोअर चुकत नाही, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तर दिवसाआड घरघर चालू असते. पहिल्या दिवशी ती दीडशे फुटांवरून बुजली, शेपूट वर, नाकपुड्या टोपणाएवढ्या. मी तिला जवळ ओढलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बंद करून उभा केला आणि त्याच्या जवळ तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, लावला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंजिन चालू, पंखा बंद. मग खरी युक्ती: ट्रॅक्टर तिच्यापासून लांब जाऊ द्यायचा आणि आपण त्याच्या मागे मागे जायचं. जी वस्तू आपल्यापासून पळते तिला घोडं घाबरत नाही. पाचव्या फेरीला कवडी कान टवकारून ट्रॅक्टरचा पाठलाग करत होती, जणू तिनेच त्याला मळ्याबाहेर हाकललंय. त्या दिवशी वहीत मी उद्गारचिन्ह टाकलं. एरवी मी उद्गारचिन्ह वाया घालवत नाही.

खोगीर आणि कडी

खोगिराआधी घोंगडी. पाठीवर टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची, दोन्ही बाजूंनी, इतक्या वेळा की घोडीने जांभई द्यावी. मग पट्टा, मग पाय ठेवायच्या रिकिबी काढलेलं हलकं खोगीर, शेवटी रिकिबी लोंबत असलेलं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. आधी नुसता टेकेल एवढा, चार पावलं चालवा, एक भोक, पुन्हा चालवा, आणखी एक. पहिल्याच दिवशी तंग करकचून आवळला तर काही घोडी जन्मभर तंग दिसला की पोट फुगवतात आणि चावायला वळतात. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो त्यावर खोगीर टेकता कामा नये. वर बसल्यावरही मधून दोन-तीन बोटं जायला हवीत. खोगीर काढल्यावर घामाचा डाग पाहा. सगळीकडे ओल आणि मध्येच एक कोरडा ठिपका दिसला तर तिथे खोगीर टोचतंय.

तोंडात लगामाची कडी घालण्याआधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. दाढांच्या पुढे कधी कधी एक बारीक फालतू दात असतो, कडी नेमकी त्यावर आपटते आणि घोडं डोकं झाडतं. आपण त्याला खोडी समजतो. कवडीला असा एक होता, वरच्या डाव्या बाजूला. तो काढून जखम भरेपर्यंत आम्ही थांबलो. नंतर साध्या सांध्याच्या कडीला गुळाचं पाणी चोपडून आठवडाभर नुसती तोंडात दिली, लगाम न जोडता. थंडीत निफाड-दिंडोरीकडचा पारा जसा उतरतो तसा आमचाही उतरतो. अशा सकाळी कडी आधी मुठीत धरून ऊब द्या. बर्फासारखं लोखंड जिभेवर कोणाला आवडेल?

आणि मांडी

यासाठी मी सकाळ निवडते, पण फार थंड सकाळ नाही. गार वारा लागला की शिंगराच्या अंगात येतं. पावसाळाही नको, आमची काळी माती ओली झाली की बैलसुद्धा घसरतात. जमीन भुसभुशीत पण उथळ हवी. कांदा काढून झालेलं वाफ्याचं रान मोडून घेतलं की झकास होतं. हेल्मेट घालायचं. त्यावर मी वाद घालत नाही.

चढायला मी गोठ्याच्या दगडी ओट्याजवळ उभी राहते. द्राक्षाचे क्रेट एकावर एक ठेवून चढू नका, ते सरकतात, मी पडलेय. ह्यांनी तोंड धरलेलं, आणि ज्या बाजूने मी चढते त्याच बाजूला ते उभे. म्हणजे घोडी उसळलीच तर आम्हा दोघांपासून लांब उसळेल.

पहिला दिवस: ओट्यावर उभं राहून तिच्या पाठीवर हात, मग कोपर, मग छातीचा थोडा भार. लगेच मागे. पाच वेळा. संपलं.

दुसरा-तिसरा दिवस: पोटावर आडवं, धान्याच्या पोत्यासारखं. पाय जमिनीवरून सुटलेले. घोडी आपल्या वजनाने थोडी हलते, चारही पाय पसरून तोल सावरते. तो तोल तिला तिचा तिनेच शोधू द्यायचा. तिने एक पाऊल टाकलं तर टाकू द्या. थांबवायच्या नादात लोक पोटऱ्या आवळतात, लगाम खेचतात, आणि तिथून सगळं बिघडतं. मी तिच्या मानेवर हात फिरवत बोलत राहते. तिने मोठा श्वास सोडून नाक फुरफुरवलं की उतरते.

चौथ्या दिवशी पाय पलीकडे. पुठ्ठ्याला टाच घासू द्यायची नाही. बसायचं ते धपकन नाही, मांड्यांवर भार घेत सावकाश खाली. त्या वेळी कवडीचा एक कान माझ्याकडे वळलेला आणि दुसरा ह्यांच्याकडे होता. मी 'चल' म्हटलं. ती हलली नाही. खालून ह्यांनी 'चल' म्हटलं आणि पाऊल टाकलं, तेव्हा तीही निघाली. दहा पावलांवर मी 'होऽऽ' म्हटलं आणि या वेळी ती माझ्या आवाजावर थांबली. आठ महिने खालून ऐकलेला आवाज आता वरून येत होता, आणि तो तोच आहे हे तिला कळलं. पाठीखाली तिचं अंग सैल झालेलं मला मांड्यांना जाणवलं. पुन्हा एकदा चल, पुन्हा एकदा हो. आणि मी उतरले.

पुतण्याला जे 'झालं पण?' वाटलं ते हेच. सगळं उत्तम चाललेलं असतानाच उतरायचं. 'अजून एक फेरी' हा मोह आवरता आला तर निम्मं काम झालं. घोडीच्या लेखी बक्षीस म्हणजे खोगीर उतरणं. गूळ त्यानंतर, तोही सुपारीएवढा.

पुढचं वेळापत्रक साधंच आहे. पहिला आठवडा पाच-सात मिनिटं, महिनाभर पंधराच्या आत, नुसती चाल. दुडकी चाल तीन-चार आठवड्यांनी, सरळ रेषेत. आठवड्यातून चार दिवस काम, बाकी मोकळी. दोन महिने झाले की तीन आठवडे सुट्टी. सुट्टीवरून परतलेली घोडी शिकवलेलं विसरत नाही, उलट मुरलेलं असतं, लोणच्यासारखं. बाहेर रस्त्याला पहिल्यांदा नेताना बरोबर एक जुनं, शांत घोडं हवं. आमची सखू एकवीस वर्षांची आहे. तिच्या पुढून बँड जाऊ दे नाहीतर एसटी, ती चघळत राहते. कोवळ्या घोड्याला माझ्यापेक्षा सखू जास्त शिकवते आणि तिला पगारही द्यावा लागत नाही.

अधूनमधून एखादा दिवस उलटा जातो. घोडी तंग आवळताना कान मागे टाकते, शेपूट झटकते, काल जमलेलं आज जमत नाही. अशा वेळी आधी पाठ दाबून पाहा, खोगीर पाहा, दात बदलतायत का पाहा. कडेचे दात साडेचारच्या आसपास बदलतात. दुखत नसेल तर दोन पायऱ्या मागे जा, जे येतं ते करून घ्या आणि सोडून द्या. चाबूक घेऊन आपलं म्हणणं खरं करायची ती वेळ नाही.

ढोल, पुरणपोळी आणि शिरा

आता कौतुकाबद्दल, कारण मी सगळ्यांत महागात शिकलेली गोष्ट हीच.

काही वर्षांपूर्वी एकांचं शिंगरू माझ्याकडे होतं, काळंभोर, सोन्या नावाचं. त्याच्यावर माझ्या तीन बैठका झाल्या होत्या, सगळ्या सुरेख. मालक हौशी. चौथ्या दिवशी मला न सांगता त्यांनी पाहुणे बोलावले आणि नाशिक ढोलचं पथक. मी वर बसले, सोन्याने पाच पावलं टाकली आणि बांधामागून पहिला ठोका पडला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तो उधळला तो सरळ द्राक्षाच्या मांडवात. मी अँगलला धडकून खाली. कॉलरबोन मोडलं. सोन्याची छाती तारेने फाटली, अकरा टाके पडले. हाड दीड महिन्यात जुळलं. सोन्या मात्र सात महिने रिकिबीचा आवाज आला तरी थरथरायचा. मालकांना वाईट वाटलं, त्यांनी घोड्याचं सगळं औषधपाणी केलं, पण चूक माझीही होती. कोण येणार, कोण उभं राहणार, हे मी आधी ठरवून घ्यायला हवं होतं. तेव्हापासून पहिल्या महिनाभर मळ्यात आम्ही दोघं आणि फार तर पुतण्या. फोटो काढायचा तर बांधावरून, आवाज बंद करून.

ढोल ऐकवायचाच नाही असं नाही. मिरवणुकीला जाणाऱ्या घोड्याला तो ऐकवावाच लागतो. पण ब्लोअरसारखा: लांबून, हळू, खोगिराशिवाय, तोबऱ्यात तोंड असताना. पाठीवर पहिली मांड आणि कानात पहिला ढोल एकाच दिवशी नको.

दुसरं कौतुक खाण्याचं. दसऱ्याला आम्ही घोड्यांची पूजा करतो, खोगीर-लगाम तेल लावून पाटावर मांडतो, आपट्याची पानं मोहरकीला अडकवतो. सगळा शेजार नैवेद्याची ताटं घेऊन येतो. पुरणपोळी, पेढे, लाडू! घोड्याला ओकारी करता येत नाही, जे गेलं ते पोटातच राहतं. एवढं गोड आणि पीठ एकदम गेलं तर पोटशूळ उठतो, खुरांना सूज येऊन घोडं कायमचं लंगडं होऊ शकतं. मी ताट घेते, हळदकुंकू लावून घेते, आणि ताट आत नेऊन माणसांना वाढते. कोणाला अगदी हाताने भरवायचंच असेल तर गाजर, लांब उभं चिरलेलं, गोल चकत्या नाहीत, चकत्या घशात अडकतात. कौतुकाने कोणी मळ्यातलं गवत उपटून आणलं तर तेही नको, वेलींखालच्या गवतावर फवारणी झालेली असते. कोंबड्यांचं खाद्यही लांब ठेवा. त्यात कधी कधी मिसळलेलं मोनेन्सिन नावाचं औषध घोड्याचं हृदय बंद पाडतं. आणि कुंपणाला कण्हेर असेल तर काढून टाका, तिची थोडी पानंसुद्धा जीव घेतात.

घोडी पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून पाहते, पायाने जमीन उकरते, लोळते, लीद टाकत नाही, असं दिसलं की पशुवैद्याला फोन करायचा. घरगुती काढे पाजत बसायचं नाही. हे लिहिताना दोन घरं डोळ्यांसमोर आहेत, नावं घेत नाही.

मग साजरं कसं करायचं? माझ्याकडे वही आहे. दोनशे पानी, शाळेची, कवडीच्या नावाची. त्यात मी न जमलेलं फार लिहीत नाही, ते असंही लक्षात राहतं. जमलेलं लिहिते, कितीही बारीक असो. '12 जून: उजवा मागचा पाय स्वतःहून उचलून दिला.' '3 सप्टेंबर: छत्री उघडली, पळाली, परत आली, छत्रीचा वास घेतला.' '21 ऑक्टोबर: ट्रॅक्टरला हाकललं!' प्रत्येक नोंदीला घरात काहीतरी गोड होतंच असं नाही, नाहीतर आम्हीच खोगिरात मावलो नसतो. पण पहिली घोंगडी, पहिली कडी, पहिली मांड, रस्त्यावरचं पहिलं पाऊल, या चार दिवसांना शिरा ठरलेला. ह्यांना शिऱ्यात मनुका लागतात. मनुका घरच्याच.

ज्यांची शिंगरं माझ्याकडे येतात त्यांनाही मी वही घालून देते. सुरुवातीला चिडतात, "तीन आठवडे झाले ताई, अजून बसला नाहीत?" मग वहीचं पान दाखवते. आठवड्यापूर्वी कानाला हात लावू देत नव्हतं, आज कान चोळला की डोळे मिटतं. बहुतेक जण ते वाचून गप्प होतात. एक जण रडलाही, मोठा मिशीवाला माणूस.

आज सकाळी कवडीची सहावी बैठक होती. मी रिकिबीत पाय घालत होते आणि शेजारच्या मळ्यात ब्लोअर सुरू झाला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि बसले. कवडीने एक कान तिकडे फिरवला, थोडा वेळ ठेवला, मग परत माझ्याकडे आणला. आम्ही ओट्यापासून विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

वहीत लिहिलं: '7 मिनिटं. ब्लोअर. फक्त एक कान.'

शिरा ठरलेल्या चारांत हा दिवस बसत नाही, पण रवा भाजायला घेतलाय.